रांजणावरचं झाकण

झाकण उचलून रंगाऱ्याने आधी नाक पुढे केलं, मग डोळे. नीळ जिवंत आहे की नाही हे नाकाला आधी कळतं. काल रांजणाचा वास नुसता आंबट होता, आज त्यात कुजल्या पानांचा वास मिसळला होता. त्याने बाही वर सरकवून बोट बुडवलं, बाहेर काढलं आणि छपराच्या काचेतून येणाऱ्या उजेडात धरलं. बोटावर मळकट, राखाडी पाणी होतं. तो वाट बघत राहिला. पाणी राखाडीच राहिलं, तेव्हा त्याने ते कमरेच्या फडक्याला पुसून टाकलं.

नीळ जिवंत असली की बोट बाहेर येतं तेव्हा हिरवं दिसतं, कोवळ्या पानासारखं. मग त्याला हवा लागते आणि बघता बघता ते निळं होतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, निळा रंग रांजणातच असतो आणि रंगारी फक्त तो कापडाला लावतो. त्यांची समजूत काढायच्या भानगडीत तो पडत नसे. हा प्रकार तो आयुष्यभर बघत आला होता आणि तरी दर वेळी, हिरवं कापड बाहेर ओढताना, आज नाही झालं निळं तर, असं त्याला क्षणभर वाटायचंच. बायको त्यावरून चिडवायची. सूर्य उगवला तरी तुम्ही हात लावून खात्री कराल, म्हणायची.

झाकण उचलून बघायची त्याची खोडही तिला ठाऊक होती. लाकूड रांजणाच्या काठावर घासल्याचा आवाज तिला स्वयंपाकघरात, अंगणात, कुठेही ऐकू जायचा. असेल तिथून ती नुसतं 'झाकण' म्हणायची आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायची. मग हा चोरी पकडल्यासारखा झाकण लावून टाकायचा.

आज कुणी काही म्हणालं नाही. ती शेजारच्या खोलीत पलंगावर होती आणि मधलं दार उघडं होतं.

थंडी सुरू होण्याच्या सुमाराला, मागच्या अंगणात ओल्या कापडांना चिमटे लावता लावता ती खाली बसली आणि मग तिला उठता येईना. उजवा हात, उजवा पाय, अर्धं तोंड आणि सगळी वाचा, एवढं एका सकाळी गेलं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की हातपाय थोडेफार येतील, बोलण्याचं मात्र सांगता येत नाही. जे यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, पुढे फार आशा धरू नका. ते महिने आता सरत आले होते. तिला सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं. डोळे तर तेच होते, रंगाऱ्याने काही वेंधळेपणा केला की बारीक होणारे. पण शब्द एकही नव्हता.

रांजण तिचा होता. लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेराहून पत्र्याचा एक डबा मांडीवर धरून आणला होता आणि रस्ताभर तो कुणाच्या हाती दिला नव्हता. त्यात तिच्या वडिलांच्या रांजणातली नीळ होती. दह्याला विरजण लावावं तशी ती नव्या रांजणात लावली आणि त्या दिवसापासून रांजण कधी रिकामा झाला नाही. कमी झालं की भर घालायची, मूळ तेच. वडिलांचं दुकान केव्हाच बंद झालं होतं, त्यांचा रांजण फुटून गेला होता. हा गेला की त्या निळीचा वंश बुडाला.

घरात कामाची वाटणी कुणी केली नव्हती पण ती होती. कापड त्याचं, रांजण तिचा. कोंड्याची पेज करून त्याला घास घालायचा, चुन्याची निवळी द्यायची, हलक्या हाताने ढवळायचं, थंडीत वर रजया घालायच्या, हे सगळं ती करायची. रांजणाला एकच हात लागावा असं तिचं म्हणणं होतं. दोन आयांचं पोर लाडावतं, म्हणायची.

ती पडल्यावर घास घालायचं काम रंगाऱ्याने कुणाला न सांगता आपल्याकडे घेतलं. आणि कुणाला न सांगता आणखी एक गोष्ट मनाशी धरून ठेवली. रांजण जगला तर ती परत येईल. रांजण गेला तर नाही. हा वेडेपणा आहे हे त्याला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो कुणापाशी बोलला नाही. पण ते राखाडी बोट फडक्याला पुसताना त्याने आधी मधल्या दाराकडे बघितलं होतं.

दुपारी बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या. या बाई वयाने त्याच्या लेकीएवढ्या, पायात पळायचे बूट आणि जिभेवर शिस्त. त्यांनी चहाचा कप बायकोच्या डोळ्यांपुढे धरला आणि हे काय आहे, असं विचारलं. बायकोने कपाकडे बघितलं. तिचे ओठ डावीकडे किंचित हलले. खोलीत शांतता झाली आणि रंगाऱ्याला ती शांतता सोसेना.

"चहा," तो म्हणाला. "चहा म्हण. सोपं आहे. च."

बाईंनी कप खाली ठेवला.

"काका, तुम्हीच बोललात तर त्या कशाला बोलतील? एकदा विचारायचं आणि गप्प बसायचं."

"किती वेळ?"

"लागेल तितका."

"आणि नाही आला शब्द तर?"

"तर नाही आला. पण सगळी जागा तुम्हीच भरून टाकलीत तर तो येऊन बसणार कुठे?"

बायकोचे डोळे बारीक झाले. तिला हसू येत होतं, निदान रंगाऱ्याला तसं वाटलं. जाताना बाईंनी दारात सांगितलं की आपण शिकवतो तोच शब्द आधी येईल असं नसतं. कुठला येईल ते त्यांनाही ठाऊक नसतं. रंगाऱ्याने मान हलवली. पहिला शब्द कुठला यावा हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. तो म्हणजे 'अहो'. लेकीने आपलं नाव ठरवलं असणार, याची त्याला खात्री होती.

लेक शाळेत शिकवायची. आई घरी आल्यापासून ती बॅग घेऊन इथेच राहायला आली होती. जावई रविवारी येऊन जायचा आणि जाताना बिचाऱ्याचा चेहरा पाहवत नसे. ती सकाळी आईचं आवरून शाळेत जायची, दुपारी उशिरा परत यायची. त्या वेळी रंगाऱ्याचा डोळा लागलेला असायचा. बापलेक एकमेकांशी फार जपून बोलायचे. दोघांनाही वाटायचं की समोरचं माणूस आता रडेल.

समोरचा शिंपी रोज एक चक्कर टाकायचा. सोबती म्हणून तो बरा होता, पण त्याच्यापाशी सल्ले फार.

"देवावर सोड," तो म्हणायचा. "असा देव पाण्यात घालून काय बसलायस?"

हा शिंपी स्वतः दुकानाला दोन कुलपं लावून, चार पावलं जाऊन, पुन्हा मागे येऊन कुलपं ओढून बघायचा. सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे त्या शिंप्यालाही माहीत नसावं, एवढंच रंगाऱ्याच्या मनात आलं.

खरं तर देवाशी बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. ती प्रार्थनेला बसली की हा शेजारी बसायचा, डोळे मिटायचा आणि बहुतेक वेळा एक डुलकी काढायचा. तिला चालायचं. तुमच्या वाटचं मी सांगते, म्हणायची.

लेक तान्ही असताना एका वर्षी पावसाचं पाणी गटारांतून उलटं वर आलं आणि घराला लागून असलेल्या रंगाच्या कारखान्यात शिरलं. रंगारी गावाच्या दुसऱ्या टोकाला अडकला होता. मांड्यांपर्यंतच्या पाण्यातून वाट काढत घरी पोचला तेव्हा बायको कारखान्याच्या मधोमध, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या त्या रांजणाच्या झाकणावर मांडी घालून बसली होती. झाकणाच्या कडेने चिंध्या ठासलेल्या, मांडीवर लेक झोपलेली आणि चारी बाजूंना पाणी. त्याला वाटलं होतं ती रडत असेल.

"बुडू देणार नाही म्हणालाय," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणजे? दिवसभर इथे मी आणखी कुणाशी बोलत होते?"

उद्या दूधवाला येणार नाही म्हणालाय, हे जितक्या साधेपणाने सांगावं तितक्याच साधेपणाने तिने ते सांगितलं. संध्याकाळी पाणी उतरलं. रांजण वाचला. ते वाक्य मात्र घरात राहिलं. काम मिळेनासं झालं तेव्हा, लेक तापाने फणफणली तेव्हा, ती ते पुन्हा म्हणायची. एकदा त्याने वैतागून विचारलं होतं की मग ही संकटं मुळात येतातच कशाला. ती कापड रांजणात सोडत होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, बुडवणार नाही असं कुठे म्हणाला तो? तेव्हा रंगारी हसला होता आणि विसरून गेला होता.

आता संध्याकाळी पलंगाशेजारी बसून त्याला ते आठवायचं आणि राग यायचा. वचन तिला दिलेलं होतं. त्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं नव्हतं. ऐकीव वचनावर आपण हक्क सांगायचा तरी कसा? आणि जिच्याशी देव बोलायचा तिचीच वाचा त्याने काढून घेतली, याला काय म्हणायचं? तो छताकडे बघून पुटपुटायचा, मग बायको बघते आहे हे लक्षात आलं की तिची उशी सारखी करायचा. उशी सारखीच असायची.

दोन-तीन दिवसांत रांजणाचा वास मधल्या दारापर्यंत येऊ लागला. भुकेला असेल, रंगाऱ्याने ठरवलं. थंडीत जास्त लागत असेल. सकाळचा घास घालून झाला होता, तरी दुपारी त्याने पुन्हा कोंड्याची पेज शिजवली. त्या दिवशी तो झोपला नाही. वाडगा घेऊन कारखान्यात गेला तर रांजणापाशी लेक उभी होती. शाळेची पिशवी अजून खांद्याला आणि हातात वाफाळता वाडगा.

दोघंही एकमेकांच्या वाडग्यांकडे बघत राहिले.

"हे काय?" त्याने विचारलं.

"घास. मी रोज घालते ना, शाळेतून आल्यावर. तुम्ही झोपलेले असता."

"रोज?"

"आई घरी आली तेव्हापासून. मला वाटलं, तुम्हाला इथे यायला नको वाटत असेल. ढवळूनही ठेवते मी."

रंगारी खाली बसला. पेज थोडी हातावर सांडली, तीही त्याला कळली नाही. लेकीला रांजणाकडे बघवणार नाही, असं वाटून तो रोज ती शाळेत गेल्यावर गुपचूप येत होता. त्यानेही घास घातला होता. त्यानेही ढवळलं होतं. चुनाही दिला होता, वास बिघडला म्हणून.

"चिऊ," तो म्हणाला, "मीसुद्धा रोज घालतो."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"म्हणजे इतके दिवस त्याला दुप्पट..."

"अजीर्ण झालंय बिचाऱ्याला."

लेक हसली. तिला हसताना बघून त्यालाही हसू आलं आणि मग ते दोघांनाही आवरेना. आपापले वाडगे मांडीवर धरून बापलेक रांजणापाशी हसत बसले. हसता हसता लेकीचा आवाज फुटला आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. इतके दिवस दोघंही जे टाळत होते ते झालं, आणि झाल्यावर त्यात टाळण्यासारखं काही नव्हतं. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांना थोडा कोंडा लागला.

"आता काय करायचं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी करायला हवं ना, बाबा."

"काहीतरीच तर करत होतो आपण एवढे दिवस."

बायकोने काय केलं असतं हे त्याला ठाऊक होतं. एकदा नीळ अशीच रुसली होती. तिने झाकण लावलं, वर रजया टाकल्या आणि त्या बाजूला फिरकली नाही. आत जे चाललंय ते आपल्याला दिसत नाही, म्हणजे ते चाललेलं नाही असं थोडंच आहे, म्हणाली होती. हा तेव्हा दिवसातून दहा वेळा विचारायचा आणि ती दहाही वेळा उत्तर द्यायची नाही.

बापलेकींनी मिळून झाकण बसवलं. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या जुन्या रजया आणून वर घातल्या. लेक वाडगे धुवायला गेली. रंगारी मागे थांबला, दोन्ही तळवे रजईवर ठेवून. हा प्रसंग तिच्या खात्यातला होता आणि आता ते खातं चालवायला दुसरं कुणी नव्हतं. त्याने डोळे मिटले. नेहमीसारखी झोप आली नाही.

"मला काही तू बोलला नाहीस," तो हळू आवाजात म्हणाला. "पण तिच्याशी बोललास ते मी धरून चालतो. मी हात काढून घेतो. पुढचं तू बघ."

आणि त्याने हात काढले. त्यांना एवढं वजन असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

नंतरचे दिवस लांबलचक आणि मऊ गेले. रंगवायचं काम बंद होतं. मागे कधीतरी रंगवून वाळत घातलेली लांब कापडं कारखान्यात तशीच लोंबत होती, छपरातून ऊन यायचं, कापडांतून गाळून निळं होऊन मधल्या दारातून पलंगापर्यंत पोचायचं. वारा आला की तो उजेड भिंतीवर हलायचा. खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटायची. बायको तासन्‌तास त्या भिंतीकडे बघत असायची. रंगारी तिला एखादी गोष्ट एकदा विचारायचा आणि गप्प बसायचा. आधी गप्प बसणं त्याला जिवावर यायचं. मग हळूहळू त्या शांततेची सवय झाली, आणि त्यात घड्याळ, नळाचे थेंब, तिचा श्वास असं बरंच काही ऐकू येऊ लागलं. शब्द मात्र आला नाही. शिंप्याने विचारलं, रांजणाचं काय झालं? माहीत नाही, रंगाऱ्याने सांगितलं. शिंपी त्या उत्तराने इतका अस्वस्थ झाला की चहा न घेताच गेला.

एका दुपारी पलंगाशेजारच्या खुर्चीत त्याचा डोळा लागला आणि त्याला स्वप्न पडलं. स्वप्नात तो कापड होता. लांब, पांढरं, ओलं करून पिळलेलं. कुणीतरी त्याला रांजणात सोडत होतं. आधी पाय गेले, मग छाती, मग पाणी कानांवरून गेलं आणि सगळे आवाज बंद झाले. आत सगळं हिरवं होतं. तो खाली खाली जात होता आणि तळाशी गाळ आहे हे त्याला माहीत होतं. प्रत्येक रंगाऱ्याला ते माहीत असतं. हातातून सुटून तळाला गेलेलं कापड कामातून जातं, त्यावरचे डाग मग कशाने निघत नाहीत. म्हणून कापड पुरतं बुडवतात, वर हवेत एक घडीही राहू देत नाहीत, पण कापडाचा काठ हातातून सोडत नाहीत. बोटं पाण्याखाली त्या काठाला धरून असतात. हे त्याने हजारो कापडांना केलं होतं आणि कापडाला ते कळत असेल का, असा विचार एकदाही केला नव्हता. आता गाळ जवळ आला होता, अंधार झाला होता आणि तो घाबरून ओरडणार तेवढ्यात त्याला जाणवलं की त्याचा काठ कुणीतरी धरला आहे. घट्ट नाही. नुसता धरला आहे.

तो जागा झाला. बायको झोपली होती. झोपेत तिचा डावा हात पलंगाबाहेर आला होता आणि त्याच्या बाहीची कड तिच्या दोन बोटांत होती. तिने ती केव्हा धरली ते त्याला माहीत नव्हतं. मान अवघडली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या, तरी ती उठेपर्यंत तो हलला नाही.

एवढं सगळं झाल्यावर माणसाने शहाणं व्हावं. पण रंगारी तो रंगारीच. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक शाळेत गेली. त्याने बायकोला चमच्याने खिमट भरवलं, तोंड पुसलं, मागे उशी लावून तिला बसतं केलं आणि बशी ठेवायला म्हणून तो उठला. स्वयंपाकघराची वाट कारखान्यातून जात नव्हती, पण तो कारखान्यातून गेला. लोंबती कापडं बाजूला सारत रांजणापाशी आला आणि थांबला. नुसतं उभं राहायचं, असं त्याने स्वतःला बजावलं. मग बशी खाली ठेवली. मग एक रजई उचलली, घडी नीट करायची होती म्हणून. मग दुसरी. रजया बाजूला झाल्यावर झाकण एवढं उघडं, एवढं जवळ होतं की त्याचा हात आपोआप त्यावर गेला. पुढचं तू बघ असं मी म्हणालो होतो, त्याला आठवलं. त्याला लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच त्याने झाकण फटीपुरतं उचललं, चेहरा मुद्दाम दुसरीकडे फिरवला, श्वास रोखला आणि बोट आत बुडवलं.

लाकूड काठावर घासलं.

"झाकण."

बोट आत तसंच राहिलं. कापडं हलत होती. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. आवाज जाड होता, अर्धा गिळलेला, पहिलं अक्षर जिभेखाली अडकून मग सुटलेलं. पण त्यातला वैताग ओळखीचा होता. तो वैताग जगात दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता.

रंगाऱ्याने बोट बाहेर काढलं आणि झाकण लावून टाकलं. आत बघितलं नाही. वासही घेतला नाही, कारण श्वास अजून रोखलेलाच होता. त्याने रजया पुन्हा वर घातल्या, एक, मग दुसरी, कडा नीट दाबल्या. हे सगळं आपल्याला वाटलं असेल का, असं त्याच्या मनात आलं. कापडांतून वाट काढत तो मधल्या दारापर्यंत गेला. एक कापड चेहऱ्याला लागलं, ते त्याने बाजूला केलं.

ती उशीला टेकून बसली होती आणि दाराकडेच बघत होती. डोळे बारीक झाले होते. एवढी मोठी गोष्ट केल्याचं तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. नवरा पुन्हा झाकण उघडून बसला होता आणि त्याचा तिला राग आला होता, एवढंच होतं.

तो खुर्चीत बसला. काय म्हणालीस, पुन्हा म्हण, असं त्याच्या ओठांवर आलं. त्याने ते गिळलं. लेकीला फोन करावा, शिंप्याला हाक मारावी, बाईंना बोलावून आणावं, सगळं एकदम मनात आलं आणि त्याने त्यातलं काहीच केलं नाही. तिचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि गप्प बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मग त्याच्या लक्षात आलं की ती आता त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही. तिचे डोळे खाली, त्याच्या हातावर होते. तोंडाची डावी बाजू हळूहळू वर गेली होती. ती कशाला हसते आहे ते बघायला त्यानेही खाली बघितलं.

पुसायचं राहून गेलेलं त्याचं बोट तिच्या मनगटावर होतं. नखापाशी अजून थोडं हिरवं होतं. बाकीचं निळं झालं होतं.